कप्प्याकप्प्यांचा इतिहास

आपल्या शाळांतून जगाचा इतिहास शिकवला जातो असे म्हणण्याची पद्धत आहे. माझे म्हणणे असे की, तो शिकवला जात नाही. शिकवला जातो तो कपाटाचा एकेक कप्पा. एका कप्प्यात फ्रेंच राज्यक्रांती, दुसऱ्यात औद्योगिक क्रांती, तिसऱ्यात अमेरिकेतील यादवी, चौथ्यात हिंदुस्थानातील इंग्रजी राजवट, आणि अगदी खालच्या कप्प्यात, हात पुरलाच तर, आपला महाराष्ट्र. मास्तरांनी एक कप्पा उघडायचा, त्यातली सनावळी फळ्यावर मांडायची, मुलांनी ती वहीत उतरवून घ्यायची आणि कप्पा बंद करून पुढचा उघडायचा. दोन कप्पे एकदम उघडायचे नाहीत, हा या शिक्षणाचा अलिखित नियम आहे. कोणी उघडलेच, तर वर्ग तपासायला आलेले साहेब घड्याळाकडे पाहतात आणि विचारतात, ‘मास्तर, हा भाग कोणत्या पाठात आहे?’

मी विद्वान नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. पोटासाठी मास्तरकी करतो आणि हौसेने कादंबऱ्या लिहितो. प्राध्यापकांशी वाद घालण्याचा अधिकार मला कागदोपत्री नाही. पण कादंबरी लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कोणताही माणूस एकाच प्रकरणात राहत नाही. पहिल्या प्रकरणात बापाने काढलेल्या कर्जापायी सातव्या प्रकरणात मुलीचे लग्न मोडते. हा धागा लेखकाने दाखवला नाही, तर वाचक पुस्तक भिरकावून देतो, आणि ते योग्यच असते. मग मुलांनी इतिहासाचे पुस्तक का भिरकावू नये?

नुसती तक्रार करून भागणार नाही, उदाहरण देतो. कापसाचे देतो, कारण ते आपल्या घरचे आहे.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असे यादवी युद्ध पेटले. त्या देशात तेव्हा सुमारे चाळीस लाख गुलाम होते आणि दक्षिणेतले कापसाचे मळे त्यांच्याच घामावर पिकत होते. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक माल याच बंदरांतून येत असे. तो आटला. गिरण्यांची धुराडी थंड पडली आणि हजारो कामकरी धर्मादाय सूपपावावर दिवस काढू लागले.

आता मुंबईकडे या. अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा इंग्रज व्यापाऱ्याला खानदेश, वऱ्हाड, गुजरात आणि धारवाड आठवले. १८६० मध्ये इंग्लंडात आलेल्या कापसात हिंदुस्थानचा वाटा सहाव्या हिश्श्याच्या आसपास होता. १८६२ मध्ये तो तीन चतुर्थांशांवर गेला. एकूण आयात घटली होती हे खरे, तरीही केवढी ही उलथापालथ! आपला आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला ‘सुरती’ कापूस हातात घेताना लँकेशायरचा कामकरी शिव्या मोजत असे, पण घेत असे. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना निघाल्या. बॅक बेच्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर दहापटीच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद या सट्ट्याचा राजा. त्याच्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्याच्या आईचे नाव मिरवणारा राजाबाई टॉवर आजही वेळ सांगतो. कोणाच्या काळाची तो साक्ष देतो, हे मात्र त्याच्या खालून जाणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. अमेरिकेतल्या एका खेड्यात तलवार खाली ठेवली गेली आणि मुंबईत घरोघर दिवाळे वाजले. कापसाचे भाव कोसळले. त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या कंपन्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या पडल्या. दस्तुरखुद्द बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळावी लागली.

इथपर्यंतची कथा मुंबईची. पण धागा घाटावर चढतो. तेजीच्या त्या वर्षांत कापसाचा पैसा आणि रेल्वेच्या कामांची मजुरी यांमुळे दख्खनमध्ये सगळेच भाव चढले होते. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्याची तीस वर्षांची सारापट्टी नेमकी तेव्हा संपली. १८६७ पासून सरकारने नवी वाढीव आकारणी बसवली. ती बसवताना नजरेसमोर चढे भाव होते. ती भरण्याची वेळ आली तेव्हा भाव उतरले होते. तेजीत सावकाराने हात सैल सोडला होता, मंदीत तो आवळला. १२ मे १८७५ रोजी सुपे गावच्या बाजारात कुणबी एकत्र झाले आणि त्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. तिथून हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले. रक्त फारसे सांडले नाही, कारण रोष मुख्यतः कागदावर होता.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण नाते जोडण्याच्या नादात वाटेल ते वाटेल त्याला जोडणारेही पुष्कळ आहेत. सुप्याच्या भागात कापसाचे पीक मोठे नव्हते. तेव्हा ‘अमेरिकेत युद्ध झाले म्हणून सुप्याला दंगा झाला’ असे एका दमात सांगणे म्हणजे मुलांना चमत्कार दाखवण्यासारखे आहे. कापूस, भाव, मजुरी, सारा, कर्ज, कोर्टातली फिर्याद अशी एकेक पायरी चढवून न्यावे लागते, आणि एखादी पायरी कच्ची असेल तर ती कच्ची आहे हे सांगावे लागते. जोडणीचा इतिहास म्हणजे सैल इतिहास नव्हे. उलट तोच जास्त कसून शिकवावा लागतो.

धागा अजून संपलेला नाही. १८६२ च्या ३१ डिसेंबरला मँचेस्टरात कामकऱ्यांची एक सभा भरली. बंदरांची नाकेबंदी उठावी म्हणून ओरड करण्याचे सबळ कारण त्यांच्यापाशी होते, कारण चुली त्यांच्या विझल्या होत्या. तरीही त्या सभेने गुलामगिरी मोडू पाहणाऱ्या लिंकनला पाठिंब्याचे पत्र लिहिले, आणि जानेवारीत लिंकनने त्याला उत्तर दिले. लँकेशायरातले सगळेच असे वागले असे नव्हे. पण जे वागले त्यांचे मोल मोठे आहे. आणि बरोबर दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण केली. पुण्याच्या माळ्याच्या मुलाने अतिशूद्रांचे दुःख आणि अमेरिकेतल्या काळ्या माणसाचे दुःख एका तराजूत घातले. जोतीरावांना कप्पे मान्य नव्हते. आम्ही त्यांना ‘समाजसुधारक’ नावाच्या कप्प्यात बंद करून टाकले.

तिकडे इजिप्तमध्येही कापसाची तशीच तेजी आली आणि गेली. तेजीच्या बळावर तिथला राजा इस्माईल कर्जे काढत सुटला. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यात कर्जखते जळत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच इस्माईलने कर्जापायी सुवेझ कालव्यातले आपले शेअर इंग्लंडला विकले. १८७६ मध्ये त्याच्या सरकारचे दिवाळे निघाले, १८८२ मध्ये इंग्रजांनी देश घशात घातला, आणि त्या मोहिमेत लढायला हिंदी फौजही नेली. कर्जात बुडालेला कुणबी आणि कर्जात बुडालेला खेदिव! दोघांचे दुःख सारखे नव्हे, दोघांची पापेही सारखी नव्हेत. पण दोघांच्याही कहाणीत तेजी आली, पाठोपाठ मंदी आली आणि मग कर्ज दाराशी येऊन बसले. कारणे एक नाहीत, पण बाजार एक आहे. आपल्या अभ्यासक्रमात मात्र इजिप्त म्हणजे पिरॅमिड. पुढची चार हजार वर्षे तो देश जणू झोपलेलाच होता.

आता हा सगळा ऐवज आपल्या शिक्षणात कुठे कुठे विखुरला आहे पाहा. गुलामांची मुक्ती अमेरिकेच्या पाठात, गिरण्या औद्योगिक क्रांतीत, कापूस भूगोलात काळ्या जमिनीखाली, दख्खनचे दंगे शेतकऱ्यांच्या उठावांत, जोतीराव सुधारकांत. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांनी वऱ्हाड घेतला, ते केवळ लष्करी कर्जाच्या फेडीसाठी. त्या काळ्या मातीकडे जणू कोणाचे लक्षच नव्हते! १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारात रेल्वे गेली, ती ‘दळणवळणाच्या सुधारणां’त. एका पोराच्या अंगाचे सहा तुकडे करून सहा पेट्यांत ठेवायचे आणि मग विचारायचे, हे हसत का नाही?

माझ्या या म्हणण्यावर आक्षेप येतात, ते आले पाहिजेत.

पहिला आक्षेप वेळेचा. ‘मास्तर, पोर्शन पुरा होत नाही, हे लचांड कुठे घेता?’ माझे उत्तर सोपे आहे. सुट्या मण्यांपेक्षा माळ उचलायला सोपी. वर सांगितलेल्या सनांत एकही सन असा नाही की जो दुसऱ्याच्या आधाराने लक्षात राहत नाही. ६१ ला युद्ध, ६५ ला शेवट, ६७ ला सारा, ७५ ला सुपे: कारण समजले की सन आपोआप चिकटतो. पाठांतर लागते ते कारण न सांगितल्यामुळे. वेळ खातो तो हा तुटकपणा, जोडणी नव्हे.

दुसरा आक्षेप अभिमानाचा. ‘आधी आपला इतिहास, मग जगाचा.’ हे बोलणारे गृहस्थ मनाने वाईट नसतात. पण त्यांना मी विचारतो, ‘आपला’ म्हणून जो इतिहास तुम्ही वेगळा काढणार, तो कुठून कापणार? अहमदनगरची निजामशाही मोगलांपासून वर्षानुवर्षे वाचवून धरली ती मलिक अंबराने. तो जन्मला इथिओपियात, गुलाम म्हणून विकला गेला बगदादच्या बाजारात आणि वजीर झाला दख्खनमध्ये. आजचे छत्रपती संभाजीनगर म्हणजे त्याने १६१० मध्ये वसवलेले खडकी. १६२४ मध्ये भातवडीला त्याच्या फौजेत शहाजीराजे लढले. आता मलिक अंबर आफ्रिकेच्या कप्प्यात घालता की आपल्या? आफ्रिकेत घातला तर शहाजीराजांची तरुणपणची कहाणी लंगडी होते. आपल्यात घातला तर आफ्रिका महाराष्ट्रात आली हे कबूल करावे लागते.

घरातलेच पाहायचे, तर एकादशीच्या ताटात पाहा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा, बटाटा आणि मिरचीही अमेरिकेचीच. १४९२ पूर्वी यांतले काहीच या भूमीवर नव्हते. सीताफळाला सीतेचे आणि रामफळाला रामाचे नाव देऊन आपण ती अशी पोटात घेतली की, ती परकी आहेत असे सांगणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतील. सोवळ्यातल्या आजीबाई निम्मे अमेरिका खंड ताटात वाढून घेतात आणि उपास मोडत नाही. यात आजीबाईंचा उपहास नाही. परकी वस्तू आपलीशी करण्याची ही हातोटी आपल्या संस्कृतीचे मोठे बळ आहे. ते बळ लपवून ठेवायचे आणि शुद्धतेचा टेंभा मिरवायचा, हा कसला अभिमान?

तिसरा आक्षेप नसून तो एक रोग आहे, आणि तो दोन परींचा आहे. एकाला वाटते, जगात जे जे चांगले ते सगळे आपल्याकडून गेले. दुसऱ्याला वाटते, जे जे चांगले ते सगळे युरोपातून आले. दोघेही रस्त्याची एकच बाजू पाहतात. आपले दशमान अंक बगदादला गेले, नवव्या शतकात अल् ख्वारिझ्मीने त्यांवर ग्रंथ लिहिला, आणि १२०२ मध्ये इटलीतल्या पिसा गावच्या लिओनार्दोने ते युरोपातील व्यापाऱ्यांना समजावून दिले. ही गोष्ट मान ताठ ठेवून सांगावी. पण त्याच दमात हेही सांगावे की, आपल्या पत्रिकेतले ‘होरा’ आणि ‘केंद्र’ हे शब्द ग्रीकांचे आहेत, आणि वराहमिहिराने आपल्या ‘पंचसिद्धांतिके’त रोमक सिद्धांताला जागा देताना लाज बाळगली नाही. ज्याला देता येते त्याला घेताही येते. घेतल्याची लाज वाटते ती फक्त दरिद्री मनाला.

आणखी एक मंडळी उरतात. ती माझ्या बाजूची आहेत असे त्यांना वाटते, म्हणून त्यांचा समाचार शेवटी घेतो. ‘वसुधैव कुटुंबकम्’ म्हणून डोळे मिटणारी ही मंडळी. जोडणीचा इतिहास म्हणजे बंधुभावाचे प्रवचन, अशी यांची समजूत. गोव्याकडे पाहा. १५५६ मध्ये तिथे हिंदुस्थानातला पहिला छापखाना आला आणि अवघ्या चार वर्षांनी, १५६० मध्ये, इन्क्विझिशन आले. आली दोन्ही एकाच समुद्रवाटेने. तिथल्याच छापखान्यात १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या वैद्याचा इथल्या वनौषधींवरचा ग्रंथ छापला गेला. नगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही हा वैद्य जात असे. चार वर्षांत त्या ग्रंथाचा लॅटिन गोषवारा युरोपभर पोचला. आणि त्याच ओर्ताची हाडे, तो मुळात ज्यू होता म्हणून, मेल्यानंतर उकरून १५८० मध्ये इन्क्विझिशनने जाळली. १६१६ मध्ये थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले तेही गोव्यातच. यांतले काय सांगायचे आणि काय गाळायचे? माझे मत, सगळे सांगायचे. गुलामांची गलबते, मुंबईहून चीनला जाणाऱ्या माळव्याच्या अफूच्या पेट्या आणि ती अफू चीनच्या गळी उतरवणारे १८३९ चे युद्ध, हीसुद्धा नातीच आहेत. नाते म्हटले की भाऊबंदकीही आली.

मग करायचे काय? नवे खाते नको, समिती तर नकोच. प्रत्येक वर्गात महिन्याला एक वस्तू घ्या: कापूस, मिरची, कागद, तारायंत्र, अफू, चहा. फळ्यावर एका बाजूला नकाशा आणि दुसऱ्या बाजूला सन लिहा, आणि मुलांना चार प्रश्न विचारा. ही वस्तू आली कुठून? कोणाच्या हातून आली? फायदा कोणाचा झाला? किंमत कोणी मोजली? चौथ्या प्रश्नापाशी वर्ग शांत होतो. आणि परीक्षेत सहापैकी एक प्रश्न तरी असा घाला की, ज्याचे उत्तर एका पाठात सापडणार नाही. बाकीचे काम मुले करतील.

हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारील. विरंगुळ्यासाठी नव्हे. सुप्याच्या कुणब्याला सावकार दिसला. तो समोर होता, त्याचे दुकान बाजारात होते, त्याचे रोखे हाताला लागत होते. सावकार निर्दोष होता असे मी म्हणत नाही. १८७९ मध्ये सरकारलाही त्याला लगाम घालणारा कायदा करावा लागला. पण सारा ठरवणारा हात पुण्या-मुंबईच्या कचेरीत होता, भाव ठरवणारा हात लिव्हरपूलच्या बाजारात होता, आणि ते दोन्ही हात कुणब्याला दिसत नव्हते. माणूस नेहमी जवळच्या हातावर घाव घालतो. पुढे याच कापसावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या, तेव्हा त्यांच्यातील बालमजुरांचा कळवळा सर्वांत मोठ्याने कोणाला आला? लँकेशायरच्या गिरणीमालकांना, कारण मुंबईचे सूत त्यांना जड जात होते. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यामागे दयाही होती आणि स्पर्धाही होती. हे दोन्ही एकत्र दिसण्यासाठी नजर तयार व्हावी लागते. नारायण मेघाजी लोखंड्यांपाशी ती होती, म्हणून १८८४ मध्ये त्यांनी गिरणीकामगारांना स्वतःच्या तोंडाने बोलायला शिकवले.

आज वऱ्हाडातल्या वर्गात कापूसवाल्याचा मुलगा बसलेला असतो. त्याच्या बापाच्या कापसाचा भाव गावात ठरत नाही, तालुक्यात ठरत नाही, पुष्कळदा देशातही ठरत नाही. हे त्याला घरात कळते, बाजार समितीच्या आवारात कळते. कळत नाही ते फक्त शाळेत. इतिहासाच्या तासाला तो अमेरिकेच्या यादवी युद्धाचे सन पाठ करतो. आपल्या आजाच्या पणज्याच्या शेतातून त्या युद्धाची वाट गेली होती, हे त्याला कोणी सांगत नाही. मोठेपणी त्याच्यासमोर कोणीतरी येईल, शेजाऱ्याकडे, परजातीच्या वा परधर्माच्या माणसाकडे बोट दाखवील आणि म्हणेल, ‘तुझ्या दुःखाचे कारण हा.’ आणि तो विश्वास ठेवील, कारण लांबचा हात पाहायला त्याला आपण कधी शिकवलेच नाही.

कप्पे सोयीचे असतात, हे मला मान्य आहे. कारकुनाला ते सोयीचे असतात, परीक्षकाला असतात, राज्यकर्त्याला तर फारच असतात. इतिहासाचा मास्तर या तिघांपैकी कोणाचाच नोकर नाही. पगार कोणीही देवो, तो त्या शेवटच्या बाकावरच्या पोराचा नोकर आहे. त्याने कपाटाची दारे सताड उघडावीत आणि घड्याळाकडे पाहणाऱ्या साहेबांना नम्रपणे सांगावे की, ‘साहेब, हा भाग सगळ्याच पाठांत आहे.’